शेठ वालचंद हिराचंद आणि आकाशाची वाट

राष्ट्राचे मोठे उद्योग कोणी उभारावेत, सरकारने की खाजगी भांडवलाने, हा प्रश्न आपल्या देशात जुना आहे. २०२० साली केंद्र सरकारने अवकाश क्षेत्राची दारे खाजगी कंपन्यांना उघडली, तेव्हापासून तो नव्याने विचारला जात आहे. शाळेच्या वादविवाद स्पर्धेतही हा विषय येतो आणि वक्ते हटकून दोन तटांत विभागले जातात. सरकारी संस्थांनी एवढे यश मिळवले असताना नफा पाहणाऱ्यांच्या हाती हे काम का द्यावे, असे एक तट विचारतो. सरकारी पैशाला मर्यादा आहेत, खाजगी भांडवलाशिवाय देश मागे पडेल, असे दुसरा सांगतो.

आपल्या जबलपूर शहरात हा वाद पुस्तकी नाही. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. पुढे खमरियाची दारूगोळ्याची निर्माणी आली, १९६९ साली व्हेईकल फॅक्टरी आली. आपल्या शाळेच्या कित्येक पिढ्यांच्या घरातील चूल या कारखान्यांच्या भोंग्यावर पेटली आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन या साऱ्या कारखान्यांची सात सरकारी कंपन्यांत विभागणी झाली, तेव्हा येथील अनेक घरांत चिंतेचे वातावरण होते. उद्योग कोणाच्या मालकीचा आणि त्यातील माणसांचे भवितव्य कोणाच्या हाती, हा प्रश्न आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे.

अशा वेळी सिद्धान्तांपेक्षा एखादे चरित्र अधिक शिकवून जाते. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा आपल्या देशात पाया घालणारे, त्यांपैकी दोन उद्योग सरकारच्या हाती जाताना पाहणारे, आणि ज्यांच्या नावाच्या गावात त्यांच्या मृत्यूनंतर अग्निबाणांचे भाग घडू लागले, ते शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र मला या दृष्टीने फार बोलके वाटते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी हे त्यांचे मूळचे सौराष्ट्रातील दिगंबर जैन घराणे. व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात आले आणि येथलेच झाले. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा व्यवसाय होता. सोलापूरच्या सरकारी हायस्कुलातून १८९९ साली मॅट्रिक झाल्यावर वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात गेले. इतिहास आणि अर्थशास्त्र हे त्यांचे विषय होते. पण पदवी पदरात पडण्यापूर्वीच त्यांना घरच्या पेढीकडे वळावे लागले.

पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमले नाही. ज्या पैशातून डोळ्यांना दिसणारी, हाताला लागणारी वस्तू उभी राहते, तोच पैसा कामाचा, अशी त्यांची धारणा होती. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वे बांधकामाची कंत्राटे घ्यावयास सुरुवात केली. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ही वाटचाल सुरू झाली. फाटकांना रेल्वेच्या कामाची खडान्‌खडा माहिती होती आणि वालचंदांकडे पतपेढीचे बळ व धाडस होते. एकाची विद्या आणि दुसऱ्याचे भांडवल यांच्या मेळातून उद्योग कसा जन्मतो, याचा पहिला धडा त्यांना तेथे मिळाला. पुढे मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटाचे बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणारे नळ, सिंधू आणि इरावती नद्यांवरील पूल अशी अवघड कामे त्यांच्या कंपन्यांनी पार पाडली. १९२६ साली त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. ती आजही कार्यरत आहे.

वालचंदांच्या वाट्याला आलेला काळ समजण्यासाठी येथे आपल्याच शहराच्या इतिहासाकडे पाहणे उपयोगाचे होईल. मुंबईहून येणारी रेल्वे आणि कलकत्त्याहून येणारी रेल्वे १८७० साली जबलपूर येथे एकमेकींना मिळाल्या आणि देशाची दोन टोके जोडली गेली. हे लोहमार्ग खाजगी इंग्रज कंपन्यांनी बांधले होते. पण त्या कंपन्यांच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिलेली होती. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून निघे. म्हणजे भांडवल खाजगी, नफा खाजगी आणि जोखीम मात्र येथील रयतेची! सरकारी आणि खाजगी भांडवलाचा संयोग ही काही आजची नवलाई नव्हे. त्या संयोगाच्या अटी कोण ठरवतो आणि कोणाच्या हितासाठी ठरवतो, हा खरा मुद्दा आहे. इंग्रज कंपन्यांना जी हमी सहज मिळाली, ती वालचंदांसारख्या देशी उद्योजकाला कधीच मिळाली नाही. उलट त्यांना साधी परवानगी मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले.

याचा सर्वांत कडू अनुभव त्यांना जहाजाच्या धंद्यात आला. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात एक मोठे जहाज खरेदी करून त्याचे जखमी सैनिकांसाठी रुग्णालय केले होते. लॉयल्टी हे त्याचे नाव. युद्ध संपल्यावर ते विक्रीस निघाले आणि १९१९ साली वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास यांच्यासह ते विकत घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टीने मुंबईहून लंडनकडे प्रस्थान ठेवले. देशी मालकीचे मोठे जहाज परदेशी मार्गावर निघाल्याचा तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

समुद्रावर त्या वेळी इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी होती. लॉर्ड इंचकेप यांच्या कंपनीने भाड्याचे दर पाडून नवख्या सिंदियाला बुडविण्याचा प्रयत्न केला. सिंदियापूर्वी कितीतरी देशी जहाज कंपन्या अशाच दरयुद्धात तळाला गेल्या होत्या. सिंदिया तगली, पण १९२३ साली तिला अपमानास्पद करार पत्करून परदेशी मार्ग सोडावे लागले आणि किनाऱ्यालगतच्या वाहतुकीपुरते समाधान मानावे लागले. वालचंदांना तो करार मनापासून मान्य नव्हता. तरीही कंपनी जिवंत ठेवण्यासाठी त्यांनी तो गिळला. १९२९ साली ते सिंदियाचे अध्यक्ष झाले आणि पुढची वीस वर्षे देशी जहाजांच्या हक्कासाठी भांडत राहिले. ज्या उद्योगावर देशाचे संरक्षण आणि व्यापार अवलंबून असतो, त्याला सरकारचे पाठबळ नसेल तर केवळ भांडवलाच्या जोरावर तो उभा राहू शकत नाही, हे त्यांना येथे उमगले. परकीय सरकार ते पाठबळ देणार नाही, हेही उमगले. राष्ट्रीय सभेच्या चळवळीशी त्यांची जवळीक वाढण्याचे हे एक कारण होते.

याच सुमारास ते शेतीकडेही वळले. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथील माळरान त्यांनी लागवडीखाली आणले. तेथील गोळ्यांची चव मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांच्या जिभेवर आहे. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, कळंब गावाजवळ, नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर त्यांनी उसाचे मोठे मळे फुलवले आणि साखर कारखाना काढला. कारखान्याभोवती कामगारांची घरे, शाळा, रस्ते, दवाखाना अशी वसाहत वाढत गेली. तिला वालचंदनगर हे नाव पडले. या नगराकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

१९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा वालचंदांचे वय ५६ वर्षांचे होते. बहुतेक माणसे या वयात जमवलेले सांभाळू लागतात. वालचंद मात्र मोटारीचा कारखाना काढण्याच्या खटपटीत अमेरिकेला गेले होते. मोटारनिर्मितीमुळे युद्धकार्याला मदत होणार नाही, असे कारण देऊन सरकारने त्या योजनेला साथ दिली नव्हती. परतीच्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमाने जुळविण्याचा कारखाना चालवीत होते. चीनसारख्या युद्धाने होरपळलेल्या देशात विमाने जुळविता येतात, तर हिंदुस्थानात का नाहीत? हा प्रश्न वालचंदांच्या मनात घर करून बसला. त्यांनी तत्काळ सरकारकडे प्रस्ताव पाठविला. प्रथम तो नाकारण्यात आला. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, इंग्लंडच एकाकी झाले आणि मग मात्र दिल्लीच्या सरकारला हिंदुस्थानातील विमान कारखान्याची गरज पटली.

कारखान्यासाठी जागा हवी होती आणि भांडवल हवे होते. येथे म्हैसूर संस्थान पुढे आले. बंगलोरजवळ सुमारे सातशे एकर जमीन संस्थानाने दिली आणि भांडवलातही वाटा उचलला. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीची नोंदणी झाली. तिचे वसूल भांडवल ४० लाख रुपये होते. १९४१ च्या मार्चमध्ये हिंदुस्थान सरकारने २५ लाख रुपये घालून एक तृतीयांश हिस्सा घेतला. अशा रीतीने एका उद्योजकाची कल्पना, एका देशी संस्थानाची जमीन, अमेरिकन तंत्रज्ञांचे ज्ञान आणि केंद्र सरकारचा पैसा यांतून आपल्या देशाचा विमान उद्योग जन्माला आला. सरकारी की खाजगी, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेले आहे: दोन्ही.

कारखान्याने विलक्षण वेग दाखविला. १९४१ च्या ऑगस्टमध्ये तेथे जुळविलेले हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान आकाशात उडाले. सुट्या भागांच्या पेट्या परदेशातून येत आणि ज्यांनी पूर्वी विमान जवळून पाहिलेही नव्हते असे तरुण ते भाग जुळवीत. त्याच काळात कोल्हापूर भागात जन्मलेले आणि जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रान्टल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे या कारखान्यात आले. विमाने नुसती जुळवायची नाहीत, ती येथेच आखायची, हे स्वप्न त्यांच्या रूपाने कारखान्यात दाखल झाले.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि परिस्थिती पालटली. ब्रह्मदेश पडला, युद्ध हिंदुस्थानच्या सीमेवर आले. एवढ्या महत्त्वाचा कारखाना खाजगी मालकांच्या हाती ठेवणे सरकारला धोक्याचे वाटू लागले. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग विकत घेतले आणि कारखान्याचा कारभार आपल्या हाती घेतला. म्हैसूर संस्थानाने आपला हिस्सा विकण्यास नकार दिला, मात्र व्यवस्थापनावरील अधिकार सोडला. पुढच्या वर्षी कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीकामासाठी देण्यात आला आणि नवी विमाने घडविण्याचे काम मागे पडले. ज्या माणसाने सरकारच्या नकारानंतरही कल्पना सोडली नव्हती, त्याला सव्वा वर्षातच दाराबाहेर उभे राहावे लागले. त्यांना पैसे मिळाले. पण वालचंदांना पैशापेक्षा कारखाना हवा होता.

त्याच सुमारास जहाजबांधणीतही त्यांची कसोटी लागली. जहाजे चालवायची तर ती येथेच बांधली पाहिजेत, म्हणून त्यांनी गोदीसाठी जागा शोधण्यास सुरुवात केली होती. कलकत्त्यास सोयीची जागा मिळेना, तेव्हा त्यांनी विशाखापट्टणची निवड केली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये विशाखापट्टणवर जपानी बाँब पडले आणि काम खोळंबले. तरीही गोदी पूर्ण झाली. १४ मार्च १९४८ रोजी स्वतंत्र भारताचे पंतप्रधान पंडित नेहरू यांनी जलउषा हे तेथे बांधलेले जहाज समुद्रात सोडले. परंतु जहाजबांधणीला लागणारा अफाट पैसा एका खाजगी कंपनीला पेलवेना. परदेशी जहाज स्वस्तात मिळत असताना महागडे देशी जहाज विकत कोण घेणार? १९५२ साली सरकारने दोन तृतीयांश भांडवल घेतले आणि १९६१ साली ती गोदी पूर्णपणे सरकारी झाली. मोटारीच्या बाबतीत मात्र वालचंदांनी हट्ट पुरा केला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मुंबईच्या रस्त्यांवर पुढे अनेक दशके धावलेल्या पद्मिनी टॅक्स्या त्याच कारखान्याच्या होत. मोटार युद्धाच्या उपयोगाची नाही असे जे सरकारी मत होते, त्याचे पुढे काय झाले हे जबलपूरकरांना सांगण्याची गरज नाही. शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या ज्या शहरात तयार झाल्या, त्या शहराला सैन्यासाठी चाकांचे महत्त्व ठाऊक आहे.

वालचंद हे संतपुरुष नव्हते आणि त्यांना तसे रंगविण्याचे कारणही नाही. त्यांना नफा हवा होता आणि तो ते उघडपणे मागत. हातात भांडवल येण्याआधी ते पुढची योजना जाहीर करीत. त्यामुळे सहकारी आणि भागधारक यांच्या पोटात अनेकदा गोळा उठे. सरकारवर कठोर टीका करतानाच सरकारी संरक्षणाची आणि सवलतींची मागणी करावयास ते कचरत नसत. पण त्यांच्या मागणीत एक सुसंगती होती. ज्या उद्योगाचा लाभ साऱ्या राष्ट्राला होणार, त्याच्या सुरुवातीच्या तोट्यातही राष्ट्राने वाटा उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. आणि उद्योग सुरू करण्याचे धाडस ज्याने केले, त्याला सरकारने परका समजू नये, अशी त्यांची अपेक्षा होती. पहिली गोष्ट स्वतंत्र भारताने पुढे मान्य केली. दुसरी मान्य होण्यास फार काळ जावा लागला.

१९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते सर्व उद्योगांतून निवृत्त झाले. शेवटच्या काळात त्यांच्या पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. सोलापूरचे हे सुपुत्र गेले, तेव्हा त्यांनी सुरू केलेले विमान कारखाना आणि गोदी हे दोन उद्योग त्यांचे राहिले नव्हते. एखाद्याने म्हटले असते की हे आयुष्य अर्धेअधिक पराभवात गेले. परंतु इतिहासाचा हिशेब मृत्यूच्या दिवशी पूर्ण होत नाही.

बंगलोरच्या त्या कारखान्याचे पुढे काय झाले ते पाहू. युद्धानंतर काम कमी झाले, तेव्हा तेथे रेल्वेचे डबेसुद्धा बांधले गेले. सरकारने तोटा सोसून कारागिरांची फौज विखरू दिली नाही, हे त्या वेळच्या राज्यकर्त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. १९५१ साली डॉ. घाटगे यांनी आखलेले एचटी-२ हे विमान आकाशात झेपावले. ते आपल्या देशात आखलेले आणि बनवलेले पहिले इंजिनचलित विमान होय. १ ऑक्टोबर १९६४ रोजी या कारखान्यातून हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही आजची कंपनी आकाराला आली.

विमानांपेक्षाही मोलाची गोष्ट तेथे घडत होती: तरुण माणसे शिकत होती. १९४५ च्या सुमारास लाहोरहून अभियांत्रिकीची पदवी घेतलेला सतीश धवन नावाचा युवक परदेशी जाण्यापूर्वी वर्षभर या कारखान्यात काम करून गेला. १९५८ च्या सुमारास मद्रासहून आलेला अब्दुल कलाम नावाचा प्रशिक्षणार्थी तेथे विमानांची इंजिने उघडून पुन्हा जुळवायला शिकला. १९७२ साली धवन भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे अध्यक्ष झाले. कलाम यांच्याकडे एसएलव्ही-३ या आपल्या पहिल्या उपग्रह प्रक्षेपकाची धुरा आली. १९७९ सालच्या पहिल्या अपयशानंतर १८ जुलै १९८० रोजी त्या प्रक्षेपकाने सुमारे ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. अवकाशापर्यंत पोहोचलेल्या या दोन्ही माणसांच्या हातांना सुरुवातीचे तेल लागले ते वालचंदांनी पाया घातलेल्या कारखान्यात. मालकी बदलली, पण हातांना मिळालेले कसब कोणी काढून घेऊ शकले नाही.

आता वालचंदनगरकडे वळू. डॉ. विक्रम साराभाई यांनी अवकाश कार्यक्रमाचा आरंभ केला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला, तो परदेशातून आणलेला होता. स्वतःचे मोठे प्रक्षेपक बांधायचे ठरले, तेव्हा सरकारी प्रयोगशाळांपुढे दोन मार्ग होते. प्रत्येक भागासाठी स्वतःचे कारखाने काढावेत, अथवा देशात जे कारखाने आहेत त्यांना हे नवे काम शिकवावे. धवन यांच्या काळात दुसरा मार्ग ठामपणे स्वीकारला गेला. साखर आणि सिमेंटच्या कारखान्यांसाठी अवजड यंत्रे बनविणाऱ्या वालचंदनगरच्या अभियांत्रिकी कारखान्याकडे एसएलव्ही-३ च्या काळापासून अग्निबाणाच्या मोटर केसिंगचे काम आले.

मोटर केसिंग म्हणजे घन इंधन ज्यात भरले जाते ते पोलादी नळकांडे. ऐकायला ही गोष्ट साधी वाटते. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचा व्यास २.८ मीटर असतो, त्यात सुमारे १३८ टन इंधन मावते आणि तो पाच भाग जोडून बनतो. इंधन पेटले की आत सुमारे तीन हजार अंशांची उष्णता आणि वातावरणाच्या पन्नासपटींहून अधिक दाब निर्माण होतो. पत्र्याला गोल वळविताना, त्याचे जोड सांधताना, भट्टीत कडक करताना केसाएवढी चीर राहिली तरी सारा प्रक्षेपक क्षणात नष्ट होऊ शकतो. म्हणून प्रत्येक जोड क्ष-किरणांनी तपासतात आणि प्रत्येक भागात पाणी भरून त्यावर दाब देऊन पाहतात. अशा कामात नफा थोडा, मागणी अनियमित आणि जबाबदारी अमर्याद असते. वर्षातून मोजकीच नळकांडी लागतात. त्यासाठी घेतलेली यंत्रे उरलेले महिने वाट पाहत बसतात. एखादा कारखाना हे काम धरून ठेवतो तो सरकार हा ग्राहक उद्याही येईल या विश्वासावर. आणि सरकारही पैसे देते ते कारखाना उद्या पाठ फिरवणार नाही या विश्वासावर. अवकाश उद्योगातील गुंतवणूक या शब्दाचा खरा अर्थ हा दुहेरी विश्वास आहे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. त्या यानाला पृथ्वीवरून उचलणाऱ्या प्रक्षेपकासाठीही वालचंदनगरच्या कारागिरांचे हात राबले होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनेही प्रक्षेपकांचे आणि उपग्रहांचे सांगाडे वर्षानुवर्षे घडविले आहेत. एका माणसाने उभे केलेले दोन कारखाने, एक सरकारने घेतलेला आणि दुसरा खाजगी राहिलेला, अशा रीतीने एकाच कामासाठी राबत आले आहेत. हे दृश्य पाहावयास वालचंद हवे होते, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

आज या वाटेवर नवे वळण आले आहे. आजवर कारखाने सुटे भाग देत आणि अग्निबाण सरकारी संस्था जुळवी. २०२२ साली पाच पीएसएलव्ही संपूर्णपणे तयार करण्याचे सुमारे ८६० कोटी रुपयांचे कंत्राट हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांना मिळून देण्यात आले. म्हणजे एक सरकारी कंपनी आणि एक खाजगी कंपनी. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला हैदराबादच्या एका तरुण कंपनीने बनविलेला विक्रम-एस हा खाजगी अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडाला. त्याला लागणारी प्रक्षेपणभूमी सरकारी होती. अशा नव्या कंपन्यांसाठी २०२४ साली सरकारने एक हजार कोटींचा भांडवल निधी मंजूर केला. पाच टक्क्यांच्या हमीच्या काळापासून आपण येथवर आलो आहोत. जोखीम जनतेची आणि लाभ मोजक्यांचा, ही जुनी चूक पुन्हा होणार नाही, हे पाहण्याची जबाबदारी आता स्वतंत्र देशाच्या नागरिकांची आहे.

वालचंदांच्या चरित्रातून मला जे दिसते ते असे. जेथे फळ येण्यास वीस-तीस वर्षे लागतात, तेथे पहिले धाडस बहुधा एखाद्या व्यक्तीचे असते. पण तो उद्योग तगून राहतो तो राज्यसत्तेच्या धीरावर. धाडसाला धीराची जोड मिळाली नाही तर सिंदियासारखा अपमान गिळावा लागतो. आणि धीर धरणाऱ्याने धाडस करणाऱ्याला दाराबाहेर काढले, तर कारखाना राहतो, परंतु पुढचे धाडस करायला माणसे कचरतात. या दोहोंना जोडणारी गोष्ट म्हणजे कारागिराचे कसब. ते सरकारी नसते आणि खाजगीही नसते. ते त्या माणसाचे आणि पर्यायाने देशाचे असते. आपल्या शहरातील ज्या घरांना कारखान्याच्या बदलत्या मालकीची काळजी वाटते, त्यांनी बंगलोरच्या कारखान्याची कथा आवर्जून वाचावी.

भारतीय टपाल खात्याने २००४ साली वालचंदांचे तिकीट काढले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि तेथून दरवर्षी शेकडो अभियंते बाहेर पडतात. शाळेचा हीरक महोत्सव साजरा होत असताना आपल्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगेन. तुमच्यापैकी कोणी उद्या अवकाश संस्थेत जाल, कोणी एखाद्या खाजगी कंपनीत जाल, कोणी येथेच खमरियाच्या किंवा व्हेईकल फॅक्टरीच्या दारातून आत शिराल. वेतनपत्रकावर कोणाचे नाव छापलेले आहे, याला फार महत्त्व देऊ नका. तुमच्या हातून जो जोड सांधला जाईल तो दाबाखाली टिकेल ना, एवढे पाहा.